आजोबांची राहून गेलेली मेडलं: कुठून सुरू करायचं

बाळा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला, डिस्चार्ज बुकाचे फोटो पण नीट झूम करून बघितले. आजोबा १९६४ ला भरती, मराठा लाईट इन्फंट्री, १ मराठा म्हणजे जंगी पलटण, १९७९ ला १५ वर्षांवर पेन्शन घेऊन घरी. आणि मेडलच्या कॉलममध्ये फक्त सैन्य सेवा मेडल आणि नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल. एकाहत्तरच्या लढाईचं एकही नाव नाही, आणि आजोबा तिकडे बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईच्या गोष्टी सांगतात. तुला राग आलाय ते कळतंय, पण तू जो अर्ज लिहून पाठवलायस ना, "माझ्या आजोबांवर अन्याय झाला, त्यांना त्यांचा सन्मान मिळालाच पाहिजे" वगैरे, तो आधी बाजूला ठेव. मी आयुष्यभर रेकॉर्डचीच कामं केली, सुभेदार क्लर्क म्हणून रिटायर झालो, म्हणून सांगतो, टेबलावर बसलेला माणूस अन्याय शोधत नाही, तो एंट्री शोधतो. त्याला फक्त एवढंच कळायला हवं असतं की हा जवान अमुक तारखेला कुठल्या पलटणीच्या स्ट्रेंथवर, म्हणजे पटावर, होता आणि ती पलटण तेव्हा कुठे होती. तुझा सगळा अर्ज या एका प्रश्नाभोवती पाहिजे, बाकी सगळं पान भरायला.

आता पहिली गोष्ट, आजोबांची ट्रंक उघड. म्हणजे त्यांना विचारून उघड, उगाच उचकापाचक करू नकोस. त्यात काही मेडलं असली तर त्यांची कड बघ, पुढची बाजू नाही, कड, आणि स्टार असेल तर मागची बाजू पण. सरकारने दिलेल्या मेडलच्या कडेवर नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं. कड कोरी असेल तर ते मेडल बाजारातून घेतलेलं आहे असं समज, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, सरकारी मेडलं यायला वर्षानुवर्षं लागायची म्हणून परेडला लावायला लोक कॅन्टोनमेंटच्या दुकानातून घ्यायचेच, आजही घेतात. पण मग कोरी कड काहीच सिद्ध करत नाही, ना हक्क होता ना नव्हता. नाव कोरलेलं पूर्वी स्टार, म्हणजे एकाहत्तरच्या पूर्व आघाडीचं मेडल, सापडलं तर मात्र तुझं अर्धं काम झालं, कारण मग प्रश्न फक्त कागदावर चढवण्याचा उरतो.

हे तीन प्रकार वेगवेगळे आहेत आणि लोक ते कायम एकत्र करतात. मेडल मिळालं पण बुकात चढलं नाही, हा एक. रेकॉर्डला हक्क मंजूर आहे पण मेडल हातात कधी आलंच नाही, हा दुसरा, आणि हा खूप कॉमन आहे कारण लढाई संपली, मेडल जाहीर झालं, ते टांकसाळीतून येईपर्यंत माणूस घरी जाऊन शेती करायला लागलेला. आणि तिसरा म्हणजे हक्कच कधी पब्लिश झाला नाही. आपला केस कुठल्या प्रकारातला ते कळल्याशिवाय अर्ज लिहू नये, कारण तिन्हीत मागणी वेगळी असते. आत्ता तुझ्याकडे फक्त डिस्चार्ज बुक आहे आणि डिस्चार्ज बुक म्हणजे जाताना हातात दिलेली नक्कल, खरं रेकॉर्ड ते नव्हे. खरं रेकॉर्ड म्हणजे शीट रोल. जवानाच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट, पोस्टिंग, रजा, लग्न, पोरं, दवाखाना, मेडल, आधी पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेच्या छापील हुकुमात, छापून येते आणि मग तिचा नंबर आणि तारीख टाकून शीट रोलवर चढते. पार्ट टू ऑर्डर नाही तर ती गोष्ट फौजेच्या दृष्टीने घडलीच नाही, मग आजोबांनी कितीही शपथा घेतल्या तरी.

म्हणून पहिलं पत्र मेडल मागायला जाणारच नाही. पहिलं पत्र फक्त माहिती मागणार: शीट रोलमधला मेडलचा आणि पोस्टिंगचा उतारा द्या, आणि मेडलच्या हक्काची पार्ट टू ऑर्डर निघाली असेल तर तिचा नंबर आणि तारीख द्या. पत्र जाणार ओआयसी रेकॉर्ड्स (रेकॉर्ड ऑफिसचा मुख्य अधिकारी), मराठा लाईट इन्फंट्री, बेळगाव इथे. सही आजोबांची, तुझी नाही. ते हयात आहेत ही तुझी सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, नातवाने लिहिलेल्या पत्राला आधी "तुम्ही कोण, पुरावा द्या" असंच उत्तर येतं. वर आर्मी नंबर, रँक, बुकात आहे तस्सं नाव, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, आणि सोबत डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्स. मूळ बुक आत्ता अजिबात पाठवू नकोस, ते एंट्री करायची वेळ आली की मागवू शकतात, तेव्हाही सगळी पानं स्कॅन करून मग रजिस्टर पोस्टाने.

तू विचारलंस की स्पर्श पोर्टलवरून करता येईल का. नाही रे, स्पर्श पेन्शनचं आहे, तिथे मेडलचा काही संबंध नाही, तिथे तक्रार टाकलीस तर ती फिरून फिरून बंद होईल.

नावाचा घोळ मात्र आत्ताच निस्तर. तुझ्या फोटोत बुकावर ग्यानदेव आहे आणि आधारवर ज्ञानदेव. हे आपल्याकडे घरोघरी आहे, भरतीच्या वेळी इंग्रजीत नाव लिहिणारा क्लर्क कधी मद्रासचा कधी पंजाबचा, त्याला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं, आणि जन्मतारीख तर निम्म्या गावाची १ जूनच असते. मेडलच्या अर्जात नाव दुरुस्तीची मागणी घुसडू नकोस, दोन विषय एका पत्रात घातले की पत्र दोन टेबलांवर फिरतं आणि एकाही टेबलावर संपत नाही. पत्रात फक्त बुकातलं नाव वापर आणि सगळ्यात जास्त जीव आर्मी नंबरात घाल. शेवटी एक अक्षर असतं ना नंबरच्या मागे, ते फोटोत पुसट दिसतंय, ते पेन्शनच्या कागदांवरून पक्कं कर, कारण नाव सारखं असणारी माणसं पलटणीत ढीगभर असतात, नंबर एकाचाच असतो.

आता कुठली मेडलं मागायची. इथे जरा थांबून वाच, कारण इथेच पोरं यूट्यूबवरून काहीतरी ऐकून येतात. १ मराठा डिसेंबर १९७१ ला पूर्वेला होती, जमालपूर तिकडचंच, म्हणजे आजोबा तेव्हा पलटणीबरोबर असतील तर पूर्वी स्टार. पश्चिमी स्टार दुसऱ्या आघाडीचं, ते चुकून लिहू नकोस, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं की या माणसाला स्वतःलाच माहीत नाही आपण कुठे होतो. त्याच लढाईसाठी संग्राम मेडल पण आहे, ते वेगळं विचार. मग २५ व्या स्वातंत्र्यदिनाचं मेडल, १५ ऑगस्ट १९७२ ला जे जे सेवेत होते त्यांच्यासाठीचं. आजोबा त्या दिवशी सेवेत होते हे डिस्चार्ज बुकच सांगतंय, त्यामुळे हे सगळ्यात सोपं, आणि सोपं आहे म्हणूनच अर्जात पहिलं हेच लिही, वाचणाऱ्याला कळतं की बाबा इथे खरंच एंट्री राहिलीय. ६५ च्या लढाईसाठी रक्षा मेडल आणि समर सेवा स्टार अशी दोन आहेत, दोन्हींचा काळ ५ ऑगस्ट १९६५ ते २५ जानेवारी १९६६. आजोबा तेव्हा नुकतेच ट्रेनिंगमधून बाहेर पडलेले असणार, समर सेवा स्टार प्रत्यक्ष लढाईच्या भागातल्यांसाठी असतं त्यामुळे ते मागू नकोस, रक्षा मेडलचा हक्क बसतो का एवढंच विचार.

सैन्य सेवा मेडल आधीच मिळालंय, पण त्याच्या रिबनवर पट्टी असते, क्लास्प म्हणतात तिला, कुठल्या भागात सेवा केली त्याची. बुकात क्लास्पचं नाव लिहिलंय का बघ, फोटोत तो कोपरा कापला गेलाय.

क्लास्पवरून आठवलं, तुझ्या त्या मित्राला पण सांग, ज्याचे आजोबा गोव्याला होते. तो ऑप विजय मेडल शोधत बसलाय आणि त्याला ते कधीच सापडणार नाही. डिसेंबर १९६१ च्या गोवा कारवाईचं नाव ऑपरेशन विजय आणि १९९९ च्या कारगिलचं पण ऑपरेशन विजय, पण ऑप विजय मेडल आणि ऑप विजय स्टार ही दोन्ही कारगिलची. गोव्याचं वेगळं मेडलच नाही, तिथे जनरल सर्व्हिस मेडल १९४७ आणि त्यावर गोवा १९६१ चा क्लास्प. म्हणजे त्याने चुकीचं नाव लिहून अर्ज केला तर समोरचा खरं बोलूनच नकार देईल.

आता जरा अवघड विषय. आजोबा म्हणतात की "मेजरसाहेबांनी माझं नाव वर पाठवलं होतं." असेल, खोटं बोलत असतील असं मी मुळीच म्हणत नाही, लढाईनंतर नावं जातातच, पण जितकी जातात त्यातली थोडीच मंजूर होतात. आणि शौर्यपदकाचा मामला पूर्ण वेगळा आहे, तिथे शिफारस, साइटेशन म्हणजे पराक्रमाचं लेखी वर्णन, वरच्या हेडक्वार्टरची सही, आणि मग भारताच्या राजपत्रात नाव. राजपत्रात नाव असेल तर ते कोणी लपवू शकत नाही, नसेल तर पन्नास वर्षांनी नातवाच्या अर्जावर कोणी वीर चक्र देणार नाही. १९७२ च्या आसपासची राजपत्रं बघ हवं तर, मेन्शन इन डिस्पॅचेसची, म्हणजे लढाईच्या अहवालात खास उल्लेख झालेल्यांची, नावं पण बघ, कारण त्याचं वेगळं मेडल नसतं, लढाईच्या मेडलच्या रिबनवर छोटं कमळाचं पान लावतात, त्यामुळे घरच्यांना बरेचदा पत्ताच नसतो. पण नाव नाही सापडलं तर विषय तिथे सोड आणि आजोबांना उगाच आशा लावू नकोस. पूर्वी स्टारच्या अर्जात शौर्याची गोष्ट तर अजिबात लिहू नकोस, स्टार पराक्रमाचं नाही, तिथे असण्याचं आहे. एक वाक्य जास्त लिहिलंस की फाईल भलत्याच टेबलावर जाते. आणि हो, या स्टारने आणि मेडलांनी पेन्शन एक रुपयाने वाढत नाही, काकांना आत्ताच सांगून ठेव, नंतर घरात वाद नको.

उत्तर नाही आलं तर दोन रस्ते. एक, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथे आजोबांना घेऊन जा, त्यांच्या कव्हरिंग लेटरने पत्र गेलं की वजन पडतं, आणि माजी सैनिकांचा मेळावा कधी आहे ते पण विचार, मेळाव्यात रेकॉर्ड ऑफिसांचे स्टॉल लागतात, समोरासमोर बसून नंबर टाकून बघतात. दुसरा रस्ता आरटीआय, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, ऑनलाइन पण होतो. पण आरटीआयने दुरुस्ती होत नाही, फक्त माहिती मिळते, आणि तू तुझ्या नावाने टाकलास तर कलम ८(१)(जे) लावून "त्रयस्थाची वैयक्तिक माहिती" म्हणून परत येऊ शकतो, म्हणून तो पण आजोबांच्याच नावाने.

"कागद नष्ट झाले" असं उत्तर येईल ही भीती तू लिहिलीयस. पेन्शन नसलेल्यांचे कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट करतात हे खरं आहे, पण आजोबा पेन्शनर आहेत, त्यांचे कागद असायला पाहिजेत. तरी तसं उत्तर आलंच तर लाँग रोलचा, म्हणजे जवानांच्या नावनोंदणीच्या रजिस्टरचा, उतारा माग, ते रजिस्टर वेगळं असतं. त्यात पलटण आणि तारखा मिळाल्या आणि पलटण कुठे होती ते वॉर डायरीवरून, म्हणजे पलटणीच्या लढाईतल्या रोजच्या नोंदवहीवरून, कळलं की दोन्ही जोडून हक्क मांडता येतो. वॉर डायऱ्या संरक्षण मंत्रालयाच्या हिस्ट्री डिव्हिजनकडे असतात.

याच्यापुढे मला खरी काळजी एका गोष्टीची आहे. माणूस पलटणीच्या नावावर असतो पण ऐन लढाईत दुसरीकडे असतो, कोर्सवर, रजेवर, डेपोत, मिलिटरी हॉस्पिटलमध्ये, किंवा दुसऱ्या युनिटला अटॅच. हे शीट रोलमध्ये निघालं तर काय, हे तू आजोबांना आत्ताच शांतपणे विचार. "डिसेंबरमध्ये तुम्ही नेमके कुठे होता, कंपनी कुठली, कंपनी कमांडर कोण, पलटणीत परत कधी आलात" असं, उलटतपासणीसारखं नाही, संध्याकाळी गप्पा मारत, आणि फोनवर रेकॉर्ड कर. जखमी होऊन मागे गेले असतील तर हॉस्पिटलचं नाव विचार. त्यांच्या कंपनीतलं कोणी जवळपासच्या गावात हयात असेल तर त्याचं डिस्चार्ज बुक बघायला मिळतं का बघ, त्याच्या बुकात पूर्वी स्टार आणि पार्ट टू ऑर्डरचा नंबर असेल तर तो नंबर सोन्यासारखा आहे, कारण एका ऑर्डरमध्ये बरीच नावं एकत्र असतात, त्याच यादीत आजोबांचं नाव निघू शकतं.

आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं, म्हणजे फौजेच्या न्यायाधिकरणाचं, एवढ्यात मनात आणू नकोस. मुंबईत बेंच आहे, मेडलचे विषय तिथे नेता येतात, पण आधी लेखी नकार हातात पाहिजे, आणि नकार आल्यावर सहा महिन्यांची मुदत असते तेवढी लक्षात ठेव. म्हणून आलेलं प्रत्येक पाकीट तारखेसकट जपून ठेव, पाकीट पण, नुसतं पत्र नाही.

तुझ्या मित्रासाठी अजून एक, त्याचे आजोबा तोफखान्यातले होते म्हणतोस, तर त्याचं पत्र बेळगावला नाही, नाशिक रोड कॅम्पला. बॉम्बे सॅपर्सवाल्यांचं (फौजेचे इंजिनिअर) खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला, रणगाड्यांवाल्यांचं नगरला, नेव्हीच्या खलाशांचं मानखुर्दच्या चीता कॅम्पला. चुकीच्या रेकॉर्डला पाठवलेलं पत्र पुढे पाठवतात असं म्हणतात, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

बाजारातून सेट घेऊन १५ ऑगस्टला शाळेत आजोबांच्या कोटाला लावू का असं विचारलंयस. जे दोन बुकात आहेत ते लाव, खुशाल. पूर्वी स्टार आत्ता लावू नकोस, उद्या तोच फोटो कोणी तरी पुढे करून विचारेल की हे कुठून आलं. उतारा येऊ दे, मग रिबन कुठल्या ओळीने लावायच्या ते मी सांगतो. आत्ता तो नंबरमागचा अक्षराचा फोटो उजेडात काढून पाठव आणि आजोबांना माझा राम राम सांग.

तुझा,
सुभेदार काका