स्वेटरवाल्या आजी यंदा का आल्या नाहीत?

प्रश्न: ताई, आमच्या नागपुरात दर हिवाळ्यात तिबेटी लोकांचा स्वेटरचा बाजार लागतो, आम्ही कायम एकाच आजींकडून घेतो. यंदा स्टॉलवर नुसती सून होती, म्हणाली सासूबाईंचे गुडघे साथ देत नाहीत, त्या गोंदियाकडच्या कॅम्पातच असतात. एकट्या दिवसभर काय करत असतील? त्यांना पेन्शन वगैरे मिळतं का? इतकी वर्षं इथे काढली तर नागरिकत्व का घेत नाहीत? आणि भेटायला गेलं तर चालेल का?

उत्तर: चालेल की, नक्की जा. तो कॅम्प म्हणजे नॉर्ग्येलिंग, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ, 1972 पासूनचा. तेव्हा गोंदिया जिल्हाच नव्हता, सगळं भंडाऱ्यात होतं. 1959 मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो लोक हिमालय ओलांडून आले, त्यातल्या पुष्कळांनी आधी डोंगरात रस्ते बांधायची कामं केली आणि मग सरकारने ठिकठिकाणी जमिनी दिल्या, कर्नाटकात बैलकुप्पे, मुंडगोड, छत्तीसगडमध्ये मैनपाट आणि आपल्याकडे हा. आता विचार करा, ल्हासा साडेतीन हजार मीटरवर आणि हे लोक येऊन पडले विदर्भाच्या मे महिन्यात! भातशेती पण इथेच शिकले.

अशा कॅम्पात म्हाताऱ्या माणसांचा दिवस पहाटेच सुरू होतो, देवासमोर पाण्याच्या वाट्या मांडायच्या, मग हातात माळ किंवा मणी चक्र, म्हणजे फिरवायचं प्रार्थनाचक्र, घेऊन मठाला प्रदक्षिणा, त्यात गप्पाही होतात, खरं तर गप्पाच जास्त. मग लोण्याचा खारट चहा, त्साम्पा म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ, गुडघ्यांसाठी तिबेटी वैद्याच्या काळ्या गोळ्या, दुपारी झोप, संध्याकाळी नातवंडांचा व्हिडिओ कॉल. आपण समजतो यांना सगळ्यात जास्त तिबेटची आठवण छळत असेल, मला तसं नाही वाटत. जे पाच-सात वर्षांचे असताना आले ते आज सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांचं अख्खं आयुष्य इथेच गेलं. खरा त्रास रिकाम्या घरांचा आहे. तरुण पोरं बंगळुरू, दिल्ली, कॅनडा, युरोपला गेली आणि उरलेली मंडळी ऑक्टोबर आला की लुधियानाचा माल घेऊन तीन-चार महिने शहरात स्वेटर विकायला. म्हणजे तुमच्या नागपुरात बाजार गजबजतो तेव्हा तिकडे कॅम्प ओस पडलेला असतो.

पेन्शनचं सरळ उत्तर नाही देता येत. 2014 च्या केंद्राच्या तिबेटी पुनर्वसन धोरणात सरकारी योजनांचा लाभ त्यांना द्यावा असं आहे, पण अंमलबजावणी राज्याकडे, त्यामुळे प्रत्यक्षात काय मिळतं ते सुनेलाच विचारा. निराधार म्हाताऱ्यांसाठी काही तिबेटी वसाहतींत वृद्धाश्रम आहेत.

नागरिकत्वाचा मामला जरा गुंतागुंतीचा आहे. तिबेटमध्ये जन्मलेल्या आजी कायद्याने परदेशीच, त्यांच्याकडे आरसी म्हणजे रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट असतं, ते ठराविक मुदतीने रिन्यू करावं लागतं, परदेशात राहणाऱ्या लेकाकडे जायचं तर पासपोर्ट नाही, पिवळं आयडेंटिटी सर्टिफिकेट लागतं. पण 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 मध्ये भारतात जन्मलेली त्यांची मुलं जन्माने भारतीय, दिल्ली हायकोर्टानेही 2010 मध्ये तेच सांगितलं. म्हणजे एकाच घरात आई परदेशी आणि मुलगा मतदार! अर्ज करून नागरिकत्व मागायचा रस्ता कागदावर आहे, पण बऱ्याच वयस्कर लोकांना तसं करणं म्हणजे तिबेटवरचा हक्क सोडल्यासारखं वाटतं, आणि मला तरी त्यांना यात शहाणपण शिकवावंसं वाटत नाही.

भेटायला जाल तेव्हा जुने कपडे नेऊ नका प्लीज, त्या कपडेच विकायच्या! फळं न्या. हिंदी त्यांना चांगली येते. "परत कधी जाणार?" हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर ऐकलाय, तो नको, धंद्याचं विचारा, कुठल्या शहरात गिऱ्हाईक जास्त घासाघीस करतं ते विचारा. आपल्याला परमिट लागत नाही, सोबत कुणी परदेशी पाहुणा असेल तर त्याला मात्र लागतं. आणि निघायच्या आधी सुनेला फोन करून आजी घरी आहेत ना ते बघा, कारण थंडीत बरीच म्हातारी मंडळी बोधगयेला गेलेली असतात.