समलिंगी चित्रकाराचं रोजचं काम कसं असतं? त्यावर पोट भरतं का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. कोल्हापूरला कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहेस, गे आहेस, घरी माहीत नाही. गच्चीवर एकाच सतरंजीवर झोपलेल्या दोन पुरुषांचं चित्र केलंयस आणि ते पोर्टफोलिओत ठेवावं की नाही कळत नाहीये. शिवाय यावर पोट भरतं का, आणि जन्मभर ‘त्याच’ विषयाची चित्रं काढावी लागतात का, हेही विचारलंयस. मी 41 वर्षांचा, मूळचा कराडकडचा, जे.जे.मधून पेंटिंग केलं, आता डोंबिवलीत असतो. वयाने मोठा म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

पोटाचं आधी सांगतो. नुसती चित्रं विकून माझं घर चालत नाही. बरं वर्ष असेल तर चार-पाच कॅनव्हास जातात, एखाद्या वर्षी एकही नाही. घर चालतं ते शनिवार-रविवारच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या क्लासवर आणि शाळेच्या गाइडांसाठी काढलेल्या चित्रांवर. जलचक्र, पचनसंस्था, शिवरायांचं बालपण, जे सांगतील ते. सकाळी सात ते बारा मात्र मी कोणाचा नाही. एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिघांनी मिळून गाळा घेतलाय, त्यातली उत्तरेची खिडकी माझ्या वाट्याला आली. पावसाळ्यात ऑइल वाळता वाळत नाही आणि कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते. त्यामुळे जून ते सप्टेंबर पहिला अर्धा तास चित्रं भिंतीपासून ओढून, उलटी करून, कोरड्या फडक्याने पुसण्यात जातो. हे कॉलेजात कोणी सांगत नाही.

दुसरं काम करून चित्रं काढणं तुला कमीपणाचं वाटत असेल तर चित्रकार भूपेन खक्कर नीट वाच आणि बघ. 1934 साली मुंबईत जन्म, चार्टर्ड अकाउंटंट, 1962 मध्ये बडोद्याला गेले आणि पुढे कित्येक वर्षं हिशेबाची अर्धवेळ नोकरी करत चित्रं काढली. 1972 ची त्यांची ‘जनता वॉच रिपेअरिंग’ आणि ‘डिलक्स टेलर्स’ बघ. घड्याळजी, शिंपी, आपल्या गल्लीतली माणसं. पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम त्यांच्या कॅनव्हासवर उघडपणे आलं तेव्हा पंचेचाळिशी उलटून गेली होती. 1981 चं ‘यू कान्ट प्लीज ऑल’ तर तुझ्यासाठीच आहे. सज्जात एक माणूस नागडा उभा आहे आणि खाली बापलेक आणि गाढवाची गोष्ट चालू आहे. तीच, आपण लहानपणी ऐकलेली, ज्यात लोकांचं ऐकता ऐकता शेवटी गाढवच हातचं जातं. ते चित्र 1996 मध्ये लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाने घेतलं आणि 2016 मध्ये टेट मॉडर्नने त्यांचं मोठं प्रदर्शन त्याच नावाने भरवलं. त्यांचं ‘टू मेन इन बनारस’ 2019 च्या लिलावात 25 लाख पाउंडांच्या वर गेलं. खक्कर 2003 मध्येच गेले होते. म्हणून लिलावाच्या आकड्यांकडे बघून स्वप्नं रचू नकोस. मला त्यांच्या हिशेबाच्या नोकरीचं मोल जास्त वाटतं. ज्याचं घरभाडं चित्रावर अवलंबून नाही, त्याच्या चित्रात गिऱ्हाईक ढवळाढवळ करू शकत नाही.

आता विषयाचं. इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात मुलं बसस्टॉप काढतात, बाजार काढतात, आणि न सांगता दोन मित्र खांद्यावर हात टाकून उभे करतात. कारण त्यांनी ते रोज पाहिलेलं असतं. माझी चित्रं तिथूनच आली. न्हावी, पाणवठा, एसटीत एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली माणसं. ठरवून ‘गे चित्र’ काढायला बसलो की चित्र पोस्टर होतं, असा माझा अनुभव आहे. आणि मुद्दाम टाळलं की हात लटका पडतो, तेही अनुभवलंय. तिशीपर्यंत मी नुसते वाडे आणि घाट काढले. पहिल्यांदा खरं चित्र केलं त्यात एकजण दुसऱ्याच्या डोक्याला तेल चोळतोय, एवढंच होतं. आई गाळ्यावर आली होती. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “ह्याच्या बनियनला नीळ जास्त झालीय रे.” खरंच जास्त झाली होती. मी तिच्यासमोर पांढऱ्यात चिमूटभर यलो ऑकर मिसळून ती बनियन दुरुस्त केली. आमच्यात त्या विषयावर झालेलं पहिलं बोलणं ते.

बाहेरचं जग सगळं आईसारखं नसतं. एका गॅलरीने माझ्या चित्राचं ‘जोडपं’ हे नाव बदलून ‘मित्र’ करा म्हटलं. मी चित्र परत आणलं. एका क्लासच्या मालकांना कुणी काहीतरी सांगितलं आणि पुढच्या महिन्यापासून येऊ नका असा निरोप आला, अठरा मुलं परीक्षेला बसायची होती तेव्हा. ते मला अजून लागतं. तेव्हापासून क्लास स्वतःच्या नावाने घेतो.

नग्नतेची भीती घालणारे भेटतील. 1954 मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत लावलेल्या ‘लव्हर्स’ चित्रांसाठी चित्रकार अकबर पदमसींवर अश्लीलतेचा खटला झाला, ते निर्दोष सुटले. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पदमसी आणि चित्रकार एफ. एन. सूझा यांची कस्टम्सने अडकवलेली कामं सोडायला लावली, नग्न चित्र म्हणजे अश्लील चित्र नव्हे असं सांगून. म्हणजे कायद्याची वाट आहे, पण ती दमवणारी आहे. नग्नचित्र करायचं तर मॉडेलची लेखी संमती घे, पैसे वेळेवर दे, आणि त्याचा चेहरा ओळखू येऊ द्यायचा का, ते त्याला ठरवू दे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कलम 377 चा भाग 6 सप्टेंबर 2018 ला गेला, तरी त्याच्या घरी आणि चाळीत काय होईल ते तुला माहीत नसतं.

व्यवहाराचं थोडक्यात. गॅलरी विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमिशन घेते. चित्र देताना माप, माध्यम, किंमत आणि किती दिवसांत पैसे मिळणार हे लिहून घे. जून आला की कंपन्यांचे फोन येतात, ऑफिसात प्राइडसाठी, म्हणजे आपल्यासारख्यांच्या अभिमानाच्या महिन्यासाठी, भिंत रंगवून द्या म्हणून, आणि बऱ्याच जणांना ते फुकट हवं असतं. मी दर चौरस फुटाचा भाव सांगतो. मान्य असेल तर मनापासून करतो.

आणि वही ठेव. माझा जोडीदार सहकारी पतसंस्थेत आहे, आमची बारा वर्षं झाली, वही तोच लिहितो. प्रत्येक चित्राला नंबर, साल, माप, कुठे आहे, कोणाकडे गेलं. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने आपल्या लग्नाला मान्यता नाकारली, त्या संध्याकाळी आम्ही ती वही काढून बसलो. मृत्युपत्र नसेल तर माझ्यामागे सगळं आधी आईकडे आणि पुढे भावंडांकडे जाणार, त्याचा कशावरच हक्क नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, तोही नाही. म्हणून दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केलं आणि वहीची प्रत त्याला जोडली. बावीस वर्षांच्या पोराला मृत्युपत्राचं काय सांगायचं असं वाटेल, पण वही आजपासून सुरू करता येते.

पोर्टफोलिओचं. कॉलेजच्या ज्युरीला दाखव, रेसिडेन्सीला, म्हणजे काही काळ राहून काम करायला जागा देणाऱ्या संस्थेला, अर्ज करशील तिथे तर पहिलं तेच ठेव. मात्र फी आणि जेवण अजून घरून येत असेल तर ते चित्र घरी नेऊ नकोस, फोटोही फोनच्या गॅलरीत ठेवू नकोस. मित्राकडे ठेव. घरी कधी सांगायचं ते तू ठरव, चित्राला ते ठरवू देऊ नकोस.

एक मात्र खटकलं. तू लिहिलंयस की सतरंजीचे पट्टे सरळ, समांतर काढलेत. दोन माणसं झोपली की सतरंजी मध्ये दबते, कडेला गोळा होते, आणि ज्याला थंडी वाजते तो टोक ओढून घेतो. रात्री गच्चीवर सतरंजी टाक, मित्राला झोपव, आणि पट्टे पुन्हा बघून काढ.