नवं कर्ज घेण्याआधी जुनं पासबुक उघडा

पारोळा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३८. पती गवंडीकाम करायचे, चार महिन्यांपूर्वी हृदयविकारानं गेले, वय ४३. घरात १४ आणि ९ वर्षांची मुलं आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. कपाशी वेचणी, निंदणी करून वर्षाला साधारण ३६,००० रुपये मजुरी मिळते, शिवाय लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५००. महिला गटाच्या फायनान्सचं ३५,००० कर्ज बाकी, हप्ता २,४५०. धाब्याचं घर गळतं. एजंट ७०,००० रुपयांचं नवं कर्ज द्यायला तयार आहे. त्यात जुनं फेडून उरलेल्या पैशांत छत करावं, की दोन तोळ्यांची पोत मोडावी?

ताई, सध्या दोन्ही नको. आधी हिशेब बघा. तुमच्या हातात महिन्याला ४,५०० रुपये येतात. ७०,००० रुपये २४ टक्के व्याजानं दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता ३,७०० च्या आसपास बसतो. उरले ८००. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं अशा कर्जांचे सगळे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तुमच्या बाबतीत ती मर्यादा २,२५० होते. म्हणजे अर्जात उत्पन्न फुगवून लिहिल्याशिवाय हे नवं कर्ज बसतच नाही. तो फुगवलेला आकडा एजंटाच्या कामाचा, हप्ता मात्र तुमचा.

जुनं कर्ज फेडायची घाई तर मुळीच करू नका. गटाचं कर्ज देताना बऱ्याचदा विम्याचे पैसे सुरुवातीलाच कापलेले असतात आणि त्यात बाईसोबत नवऱ्याचाही विमा असतो. कर्जाचं कार्ड किंवा मंजुरीपत्र काढा. विम्याची कपात आणि पतीचं नाव दिसलं तर मृत्यूचा दाखला जोडून शाखेत लेखी दावा द्या आणि पोच घ्या. दावा बसला तर उरलेलं कर्ज सगळं किंवा बरंचसं विम्यातून फिटतं. नव्या कर्जातून तेच कर्ज आधी भरून टाकलंत, तर सुटणारी गाठ स्वतःच आवळल्यासारखं होईल.

आता पतीचं बँक पासबुक छापून घ्या आणि दोन आकडे शोधा: ४३६ आणि २०. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापले गेले असतील तर ती जीवनज्योती विमा योजना. मृत्यू कोणत्याही कारणानं झाला तरी वारसाला २ लाख मिळतात. २० रुपयांचा विमा फक्त अपघाताचा, तो तुम्हाला लागू नाही. मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवावं असं सांगतात, पण उशीर झाला म्हणून अर्ज सोडू नका. दावा निकाली निघेपर्यंत ते खातं बंद करू नका.

पती गवंडी होते, म्हणून बांधकाम कामगार मंडळाचं नोंदणी कार्ड घरभर धुंडाळा. नोंदणी चालू असताना नैसर्गिक मृत्यू झाला तर २ लाख आणि विधवा पत्नीला वर्षाला २४,००० असे पाच वर्षं मिळतात. इथे घोळ होतो तो नूतनीकरणाचा. नोंदणी एका वर्षाची असते. तारीख उलटून गेली असेल तर दावा अडतो. तालुक्याच्या कामगार सुविधा केंद्रात कार्डावरची तारीख आधी दाखवा. ‘निम्मे आमचे’ म्हणणारा दलाल गावात भेटेलच; अर्जाला त्याची गरज नाही.

मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, आणि तुमच्या घराला महिन्याचा खरा आधार तिचाच होईल असं मला वाटतं. वडील नसलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत महिना २,२५० रुपये, म्हणजे तुमच्या दोघांचे ४,५००. अर्ज जळगावला जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. मृत्यूचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, सगळ्यांचे आधार, उत्पन्नाचा दाखला, घरासमोर मुलांसोबतचा फोटो. मग गृहभेट आणि बाल कल्याण समितीचा आदेश. हा पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही, साचून येतो. त्याच्या भरवशावर किराणा उधार घेऊ नका.

संजय गांधी निराधारच्या मागे मात्र धावू नका. वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० ची, आणि तिथले १,५०० सुरू झाले की लाडक्या बहिणीचे १,५०० जातात. फेऱ्यांत मजुरी बुडेल, हाती जास्त काही येणार नाही. सासूबाईंचा श्रावणबाळचा अर्ज मात्र टाका, ६५ च्या पुढे तो लागतो. तिथेही २१,००० ची अट आहे, पण दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर ती आड येत नाही; म्हणून आधी त्यांचं नाव त्या यादीत आहे का ते ग्रामपंचायतीत बघा. घराचं नाव त्या यादीत असेल तर कर्ता पुरुष गेल्याबद्दल राष्ट्रीय कुटुंब लाभचे एकरकमी २०,००० ही तहसीलमधूनच मिळतात.

धान्य: केशरी कार्ड असलं म्हणजे धान्य मिळतंच असं नाही. ग्रामीण भागात ४४,००० च्या आत वार्षिक उत्पन्न असलेलं घर प्राधान्य कुटुंबात बसतं; माणशी ५ किलो मोफत, तुमचे चौघांचे २० किलो. तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या. इष्टांक, म्हणजे ठरलेला कोटा, भरलाय असं सांगतील. तरी अर्ज घ्यायला लावा, कारण नावं गळतात तशी जागा होते. पतीचं नाव कमी करा आणि चौघांची ई-केवायसी दुकानातच अंगठा लावून पूर्ण करा. विधवा कुटुंबप्रमुख म्हणून अंत्योदयचीही मागणी करा, त्यात कार्डामागे ३५ किलो असतात.

छताचं ऐका. कर्ज काढून पक्कं छत घातलंत तर घरकुलाच्या पाहणीत घर पक्कं ठरून नाव उडू शकतं. घरकुलाचे १,२०,००० रुपये मिळतात, शौचालयाचे १२,००० वेगळे. म्हणून यंदा धाब्यावर खारी माती टाका, वर जाड ताडपत्री, आणि ग्रामपंचायतीत यादीतलं नाव तपासा. घराचा उतारा सासऱ्यांच्या नावावर असेल तर वारस नोंद आताच करा. घरकुल बहुतेक वेळा तिथेच अडकतं.

मृत्यूच्या दाखल्याच्या सहा मूळ प्रती एकदम घ्या. तुमचं खातं आधारशी जोडलेलं आहे का, आणि आधार, पासबुक, दाखला तिन्हींवर नाव अक्षरशः सारखं आहे का ते बघा. उत्पन्नाच्या दाखल्याला ५०० चा स्टॅम्पपेपर लागत नाही, साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. तहसीलची कामं एका दिवशी, जळगावची दुसऱ्या. बुडाली तर दोनच दिवसांची मजुरी बुडेल.

हे सगळं होईपर्यंत पैसे कमी पडले तर पोत मोडू नका. बँकेत गहाण ठेवून दहा-पंधरा हजारच उचला, जेवढ्यात ताडपत्री आणि दोन-चार हप्ते निघतील. दोन लाखांपैकी एक जरी दावा आला, तर आधी पोत सोडवा आणि दीड लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत टाका. सध्याच्या ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९२५ रुपये येतात. जास्त व्याजाच्या आशेनं पतसंस्थेकडे वळू नका, पतसंस्थांत ठेवी कशा अडकल्या ते आपल्या जळगाव जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.