'ग्रहणीय' की 'ग्राह्य'?

प्रश्न असा आला आहे : "सोलापुरात शेजारच्या ख्रिस्ती घरी उपकारस्तुतीच्या प्रार्थनेला गेलो होतो. पाळकसाहेब म्हणाले, 'प्रभू, आमची ही उपासना तुला ग्रहणीय होवो.' इथे 'ग्राह्य' हवं होतं ना? आणि सूर्याला लागतं त्या ग्रहणाशी याचा काही संबंध आहे का?"

व्याकरणाने दोन्ही शब्द शुद्ध. 'ग्रह्' म्हणजे घेणे; त्याला एक प्रत्यय लावला की ग्रहणीय, दुसरा लावला की ग्राह्य. पूजनीय-पूज्य ही तशीच जोडी. पण 'ग्राह्य' आता पार कचेरीत जाऊन बसलाय. 'झेरॉक्स प्रत ग्राह्य धरली जाणार नाही' ही पाटी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचलीय. तिथे कागद तपासतात, कागद आणणाऱ्याकडे मान वर करून बघतही नाहीत.

पाळकसाहेबांचा शब्द आला आहे तो मराठी बायबलातून. रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल सांगतो, आपली शरीरे 'जिवंत, पवित्र व देवाला ग्रहणीय यज्ञ' म्हणून समर्पण करा. म्हणजे अर्पणाची वस्तू वेगळी नाहीच, देणाराच यज्ञ. काइन आणि हाबेल या आदामाच्या दोन मुलांनी देवाला अर्पण आणलं, त्या गोष्टीतही शब्दांचा क्रम बघण्यासारखा आहे. देवाने आधी हाबेलाकडे आणि मग त्याच्या अर्पणाकडे पाहिलं. काइनाच्या बाबतीतही नकार आधी माणसाला, मग त्याने आणलेल्या पिकाला.

माझ्या आजीचं गल्लीतल्या एका बाईशी वाजलं होतं. वेळा अमावास्येच्या सणाला त्या बाईने भज्जी, बाजरीचे उंडे असं ताट झाकून मुलाबरोबर पाठवलं. आजीने रुमाल उचलून बघितलं आणि होतं तसं झाकून परत दिलं. "आईला म्हणावं, आधी तू ये." ताटात काही खोट नव्हती हो. पण ते ग्रहणीय नव्हतं. येशूने मत्तयाच्या 5व्या अध्यायात जवळजवळ हेच सांगितलंय : वेदीपाशी गेल्यावर भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी समेट कर, मग येऊन अर्पण कर.

एक गोष्ट मात्र निसटू नये. ख्रिस्ती श्रद्धेत माणूस स्वतःच्या पुण्याईवर ग्रहणीय ठरत नाही. येशूचा शिष्य पेत्र, त्याच्या पहिल्या पत्रात आध्यात्मिक यज्ञ देवाला पसंत पडतात ते 'येशू ख्रिस्ताच्या द्वारे', म्हणून प्रार्थनेच्या शेवटी 'येशूच्या नावाने' येतं. पेत्राचा मूळ ग्रीक शब्द 'युप्रोस्देक्तोस' : नीट स्वीकारण्याजोगा. 'ग्रहणीय' त्यालाच जास्त शोभला असता. पौलाचा शब्द वेगळा आहे, 'युआरेस्तोस', म्हणजे मनापासून आवडणारा. आवडण्यातला तो ओलावा 'ग्रहणीय'मध्ये थोडा आटतो, असं मला वाटतं. पण मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी तो इतका मुरलाय की आता बदलायला कोण धजणार?

जाता जाता, 'उपासना' म्हणजे जवळ बसणे (उपासाचा संबंध नाही, तो उपवासातून आला). सोलापुरातल्याच तेलुगू ख्रिस्ती घरात तुम्हाला 'आराधना' ऐकू येईल, कन्नड घरात 'आराधने'. योहानाच्या 4थ्या अध्यायात 'आत्म्याने व खरेपणाने' जी उपासना करायची, तिचं मूळ ग्रीक क्रियापद मात्र लवून नमस्कार करण्याचं आहे, आपल्या पंढरीच्या वाटेवरच्या दंडवताच्या जवळचं.

आणि सूर्यग्रहणाचं म्हणाल, तर धातू तोच. राहू सूर्याला धरतो म्हणून ग्रहण. फक्त तिथे त्याला 'घे' असं कुणी म्हटलेलं नसतं.