सिक्का गेले की घालवले?

प्रश्न : माझ्याकडे इन्फोसिसचे थोडे शेअर आहेत. २०१७ मध्ये विशाल सिक्का यांनी मुख्य कार्यकारी अधिकारीपद सोडले, तेव्हा कोणी म्हणाले की ‘पनाया’च्या खरेदीतला घोटाळा बाहेर येणार म्हणून ते निसटले, कोणी म्हणाले की नारायण मूर्तींनी त्यांना घालवले. आता तरी खरे कारण सांगता येईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : सिक्कांच्या मनात काय होते ते त्यांनाच ठाऊक. मात्र तुम्ही दिलेल्या दोन तर्कांपैकी पहिला तर्क कागदपत्रांपुढे टिकत नाही, हे ठामपणे सांगता येते.

‘पनाया’ ही इस्रायलमधली कंपनी इन्फोसिसने २०१५ मध्ये २० कोटी डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी वित्तप्रमुख राजीव बन्सल कंपनीतून गेले, आणि जाताना त्यांना १७ कोटी ३८ लाख रुपये देण्याचे ठरले होते हे कळल्यावर, ही रक्कम ‘पनाया’च्या खरेदीबद्दल तोंड बंद ठेवण्यासाठी तर नव्हे ना, अशी कुजबुज सुरू झाली. चौकशीत आरोपांना आधार सापडला नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सिक्का गेल्यावर नंदन नीलेकणी अध्यक्ष झाले आणि त्यांच्या संचालक मंडळानेही ऑक्टोबर २०१७ मध्ये तोच निष्कर्ष कायम ठेवला. नीलेकणी हे मूर्तींबरोबरचे संस्थापक. आधीच्या मंडळाला पाठीशी घालण्याचे त्यांना काही कारण नव्हते. मूर्तींचे मात्र समाधान झाले नाही. आपण विचारलेल्या प्रत्येक प्रश्नावर ठाम आहोत, असे त्यांनी तेव्हाही सांगितले.

दुसऱ्या तर्कात तथ्य आहे, पण ‘घालवले’ हा शब्द मला पटत नाही. १८ ऑगस्टच्या राजीनाम्यात सिक्कांनी खोट्या, बिनबुडाच्या आणि दिवसेंदिवस वैयक्तिक होत चाललेल्या हल्ल्यांचा उल्लेख केला, आणि मंडळाने तर मूर्तींचे नाव घेऊन त्यांच्या सततच्या हल्ल्यांनाच मुख्य कारण ठरवले. आपल्याला पैसा, मुलांसाठी पद किंवा सत्ता नको असून कारभाराचा दर्जा घसरल्याची चिंता आहे, असे मूर्तींचे म्हणणे होते. संस्थापकांकडे तेव्हा सगळे मिळून १३ टक्क्यांहूनही कमी शेअर होते, म्हणजे मतदानाच्या जोरावर त्यांना कोणाला काढता आले नसते. पण १९८१ मध्ये पुण्यात ज्यांनी कंपनी उभी केली, त्यांचा शब्द कर्मचारी आणि गुंतवणूकदार शेअर मोजून ऐकत नाहीत. सिक्का तर संस्थापकांबाहेरचे पहिलेच प्रमुख होते. मंडळ पाठीशी उभे असूनही संस्थापकांचा विश्वास गमावल्यामुळे त्यांना काम करणे अशक्य झाले, असे माझे मत आहे. सहाच दिवसांनी नीलेकणी परतले आणि तोवरचे अध्यक्ष आर. शेषशायी यांच्यासह सिक्काही मंडळातून बाहेर पडले, या घटनाक्रमाशीही ते जुळते.

तुम्ही भागधारक आहात म्हणून एक सांगतो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२३ मध्ये नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीतला वरिष्ठ अधिकारी राजीनामा देऊन गेला, तर राजीनामा लागू झाल्यापासून सात दिवसांत त्याचे कारणांसह पत्र कंपनीला शेअर बाजाराकडे द्यावे लागते. ते बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणांमध्ये मिळते. पुढच्या वेळी कोणाचे ऐकण्याआधी ते उघडून वाचा.