ऑइल फिल्टर काढताना ऑइल सगळीकडे सांडतं, काय करावं?

ठाण्यातल्या सोसायट्यांत पेव्हर ब्लॉकवर ऑइलचा डाग पडला की निघता निघत नाही, म्हणून आधी ड्रेन प्लग (इंजिनच्या तळाचा, ऑइल सोडायचा बोल्ट) काढून ऑइल पूर्ण गळू द्या. इंजिन कोमट असावं, कडकडीत तापलेलं नको. मग फिल्टर रेंचने थोडासाच ढिला करा आणि थांबा. आता त्यावर जाड प्लास्टिकची पिशवी चढवा आणि पिशवीवरूनच हाताने फिरवा. ओघळ पिशवीत जातो, फिल्टरही त्यातच पडतो. आडव्या फिल्टरला तर हाच उपाय. खाली ट्रे हवाच.

फिल्टरची जुनी रबर रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपा. राहिली तर नवा फिल्टर नीट बसत नाही आणि गाडी सुरू करताच ऑइलची धार लागेल.

जुनं ऑइल कृपा करून गटारात ओतू नका, ते खाडीत जातं. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या.