किनाऱ्यावर आधी भरतीची वेळ बघ

दुर्मीळ पाहुणा पक्षी दिसावा म्हणून लगेच किनारे पालथे घालू नकोस. सप्टेंबर ते नोव्हेंबर एकच जागा धर. गोव्यात मोरजीला शापोरा नदी समुद्राला मिळते तो वाळूचा पट्टा मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं कोष्टक बघ. ओहोटीला पक्षी चिखलात पांगतात, पण भरती चढली की उरलेल्या वाळूवर दाटीवाटीने उभे राहतात. सकाळची भरती मिळाली तर उत्तम, ऊन पाठीशी असतं.

थव्यात बहुतेक चिखल्या आणि तुतवार हे नेहमीचे किनारपक्षीच असणार. त्यांचा कंटाळा करू नकोस, नेहमीचे ओळखता आले तरच वेगळा डोळ्यांत भरतो. उदाहरणार्थ, लहान आणि मोठा सँड प्लोव्हर या एकसारख्या दिसणाऱ्या दोन चिखल्या घे. मोठ्याची चोच लांब, जाड, पायही लांब आणि बरेचदा हिरवट-पिवळसर. उडताना पंजे शेपटीमागे डोकावतात. शरद ऋतूत आणखी एक गोंधळ होतो. प्रौढांच्या छातीवर विणीच्या रंगाचे तांबूस डाग उरलेले असतात, तर यंदाच्या पिल्लांच्या पाठीवरची पिसं फिकट कडांची, खवल्यांसारखी दिसतात. म्हणून रंगावर निकाल देऊ नकोस. चोच, पाय, अंगलट बघ.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढली जात असेल तिथे थांब, कुरव आणि सुरय हे मासेखाऊ पक्षी गोळा होतात. अरबी समुद्रात वादळ होऊन गेलं असेल तर, समुद्र निवळल्यावर, खुल्या समुद्रातले पक्षीही किनाऱ्याशी येऊ शकतात.

आणि फोटोसाठी थवा उडवू नकोस, अगदी कळकळीने सांगतो. हजारो किलोमीटर उडून आलेत ते.